शीलवंतरावांनी दहा फुटी सुरू आणिला त्याची हकीकत

गोठ्यात जन्म घेऊन जगाचे राज्य करणाऱ्या बाळराजास मुजरा. ऐकणारांनी सावध होऊन बसावे. इसवी सन दोन हजार तेवीस, माहे डिसेंबर, तारीख बावीस, रोज शुक्रवार, ते समयीचे वर्तमान ऐसे जे, तीन खोल्यांचे एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. गादीवर थोरले दानीएलराव, उमर बहात्तर, आणि मातोश्री एस्तेरबाई कारभार पाहात, आणि एकुलते चिरंजीव शीलवंतराव, उमर एकतीस, आणि त्यांचे कुटुंब सुवार्ताबाई मे महिन्यात लग्न होऊन आल्या होत्या. राज्याचा रिवाज ऐसा की, नाताळास सुरूचे झाड आणून आजीबाईंच्या पितळी कळशीत उभे करावे आणि शेंड्यावरील रुपेरी चांदणी घरात सर्वांत शेवटी जो आला त्याने लावावी. शीलवंतराव जन्मले आणि त्यांच्या मागून कोणी आलेच नाही, सबब हा मान जन्मापासून त्यांजकडे. पहिल्या साली तर मातोश्रींनी मूठ धरून चांदणी लावविली होती.

यंदाच्या साली थोरल्यांच्या काळजावर भारी घाला आला आणि तीन आठवडे दवाखान्यात मुक्काम पडला. मग देवाने यश दिले आणि छातीस टाके घेऊन परवाच स्वारी घरी आली, परंतु हात खांद्याच्या वर उचलू नये ऐसा डॉक्टरांचा सक्त हुकूम. स्वारी वेताच्या खुर्चीत बसून राही, बोलणे थोडे आणि हसणे मुळीच नाही.

मग मातोश्री बोलिल्या, "शीलू, यंदा चांदणी सुवार्तानं लावायची हं. नवी तीच आहे."

"लावू दे की, माझं काय जातंय?" ऐसे शीलवंतराव बोलिले, परंतु पोटात आग पडली. एवढा बाप्या माणूस, बँकेत हुद्देदार, आणि चांदणीसाठी जीव तीळतीळ तुटला! मग त्यांनी मनात मसलत केली की, कुटुंबाची उंची चार फूट अकरा इंच, तर झाडच ऐसे आणावे की शेंड्यास हात पोचू नये आणि मान आपसूक आपल्याकडे यावा. मग बाजारात जाऊन दहा फुटी सुरू निवडिला आणि खांद्यावर घेऊन जिना चढले, आणि वळणावळणावर शेजाऱ्यांच्या कुंड्या धारातीर्थी पडल्या.

मातोश्री दार उघडून पाहातात तो थक्क. "अरे, हे झाड आहे की विजेचा खांब?"

परंतु मसलतीत एक गोष्ट राहिली ती राहिलीच. आजीबाईंची कळशी कधी काळी पडून तिचे तोंड चेपले होते, आणि एवढ्या झाडाचा बुंधा तीत शिरेना. कळशी बदलावी तर रिवाज मोडतो. मग करवत आली आणि शीलवंतरावांनी बुडाकडून हातभर कापिले, तरी शिरेना. मग आणिक हातभर, तरी तेच. मग घाम पुसून कापीतच गेले, आणि दिवाणखान्यात भुशाचा खच पडला, आणि अखेर बुंधा कळशीत बसला तेव्हा झाडाचा शेंडा खुर्चीत बसल्या माणसाच्या खांद्यास लागत होता. शीलवंतराव करवत घेऊन उभेच राहिले, आणि तोंड ऐसे जाहले की थोरल्यांस हसू फुटले.

"अहो, हसू नका, टाके दुखतील!" मातोश्री धावल्या.

"दुखू देत गं," थोरले म्हणाले आणि डोळे पुसपुसून हसले.

मग सर्वांस उधाण आले आणि काचेचे गोळे चढले, चमकी चढली, आणि या मुलखात कोणी न देखिलेला बर्फ कापूस पिंजून पसरला. मग मातोश्रींनी चांदणी सुवार्ताबाईंच्या हाती दिली. त्या क्षणभर थांबून बोलिल्या, "आई, घरात शेवटी कोण आलं? मी मे महिन्यात आले. पप्पा परवा आले."

"ते तर याच घरचे गं."

"पप्पांचा हा नवा जन्म आहे असं डॉक्टर म्हणाले होते, विसरलात? मग नव्यानंच आले ना?"

मातोश्रींनी मान डोलविली. शीलवंतरावांची आग तर कुठल्या कुठे विझली. ते गुडघ्यांवर बसले आणि कळशीसकट झाड सरकवीत सरकवीत खुर्चीजवळ नेले आणि दोन्ही हातांनी धरून ठेविले. थोरल्यांनी चांदणी घेतली आणि हात खांद्याच्या वर न जाता लाविली. मग म्हणाले, "तीन वर्षांचा होतो तेव्हा शेवटची लावली होती. मग बहीण झाली. एकोणसत्तर वर्षांनी पाळी आली बघ माझी."

सर्वच रडत होते आणि सर्वच हसत होते.

"शीलू, पुढच्या वर्षीही दहा फुटीच आण," थोरले म्हणाले. "सुवार्ता चढेल वर. स्टूल मी धरतो."

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. शीलवंतरावांची मसलत साफ फसली, आणि इतकी उत्तम फसलेली मसलत त्या राज्यात दुसरी नाही.