दादासाठी वाढवलेले जंतू

"भोजराजदादाला एकवीस दिवसांत हसवून दाखवतो, आणि तेही नुसतं खाऊ घालून!"

असं मी भर अंगणात जाहीर केलं, तेव्हा माझ्या आवाजात अशी काही जरब होती की कोंबड्यासुद्धा दाणे टिपायच्या थांबल्या. बायको रुख्मिणी मात्र तांदूळ पाखडतच राहिली.

"अजी, डॉक्टरनं गोळ्या देल्या ना?"

"गोळ्या चालूच राहतील. पण खरा इलाज सैपाकघरात हाय!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. निवृत्त झाला आणि दोन महिन्यांत पार मिटून गेला. बोलणं नाही, भूक नाही. दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड. अर्जुनी मोरगावहून रेल्वेनं त्याला गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हे डिप्रेशन आहे, बरं होतं. गोळ्या नेमानं द्या. माणसांत ठेवा. जेवण चौरस असू द्या, त्याचाही आधार होतो." एवढ्या बोलण्यातून मला एकच शब्द ऐकू आला. जेवण!

दोन दिवस मोबाईल चोळून मी तज्ज्ञ झालो. जवसानं मेंदू तरतरीत होतो म्हणे. झालं! जवसाची चटणी, जवसाचे लाडू, पोह्यांवर जवस, दह्यात जवस! चौथ्या दिवशी दादानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मी बैल आहो का रे, जवसाची ढेप खायले?"

मी आनंदानं उडालोच. बोलला! गुण आला!

मग कळलं की आंबलेलं खाल्लं की पोटात चांगले जंतू वाढतात, आणि पोट खुश तर डोकं खुश. आमच्याकडे रात्री भात पाण्यात घालून सकाळी बासी खातातच. मी म्हटलं, एका रात्रीत एवढा गुण, तर पाच दिवसांत किती! मोठ्या बरणीत भात, पाणी, ताक भरलं, झाकण गच्च आवळलं आणि चुलीजवळ उबेला ठेवलं.

पाचव्या दिवशी सकाळी धडाम!

झाकण छपराच्या कवेलूंवर, भात भिंतीवर आणि वास असा की अंगणातलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं! रुख्मिणी केसांतली शितं वेचू लागली. तेवढ्यात शेजारच्या शकुंतलाबाई धावत आल्या.

"का फुटला रे लोकेंद्र?"

"काही नाही काकू, दादाच्या पोटासाठी जंतू वाढवून राहिलो होतो."

"पोटात जंतू? अगं माय!"

"अन् पोटाचा डोक्याशी संबंध राहते ना!"

काकू तोंडाला पदर लावून निघाल्या त्या थेट पिठाच्या चक्कीवर. चक्कीवर जंतू दादाच्या पोटातून डोक्यात चढले. बसस्टँडवर पोचेपर्यंत दादाचं डोकं फुटलेलं होतं, कारण धडाम आवाज अर्ध्या गावानं ऐकला होता!

दुपारी आरोग्य केंद्राच्या आशाताई टीना जंताच्या गोळ्या घेऊन हजर. मग माणसंच माणसं. कुणी पपई आणली, कुणी अंगारा. दोन बायकांनी तर अंगणातूनच गळा काढला. चार वाजता देवरीच्या बसमधून केवळराम उतरला. दादाच्या गाडीवर एकोणीस वर्षं कंडक्टर होता तो!

"सरका, पुढे सरका! दारात काऊन उभे राहून राहिले?" असं ओरडत गर्दी कापून तो आत शिरला आणि थबकला. दादा खाटेवर बसून पपई खात होता.

"भोज्या! तुयं तं डोस्कं फुटलं म्हने!"

"कोन म्हंते?"

केवळरामनं दादाचं डोकं नारळ पारखावा तसं चारी बाजूंनी चाचपलं. "शाबूत हाय की!" मग त्याच्या नाकात तो वास शिरला. "मंग मेलं कोन?"

दादानं एकदा भिंतीवरच्या भाताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आणि थंडीत सकाळी एसटीचं इंजिन सुरू व्हावं तसं झालं. आधी खर्र... मग घुर्र... मग सगळी खाट हलायला लागली! दादा हसत होता! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता! रुख्मिणी दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. माझ्याही घशात काहीतरी अडकलं. जवस असावं.

केवळराम आठ दिवस राहिला. दोघं रोज सकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला जात आणि जुन्या प्रवाशांच्या नकला करत. महिन्याभरानं आम्ही पुन्हा गोंदियाला गेलो.

"छान!" डॉक्टर म्हणाले. "गोळ्यांचा गुण दिसतोय, माणसांत मिसळताय. गोळ्या इतक्यात सोडायच्या नाहीत. आणि जेवण?"

मी छाती फुगवून पुढे सरकलो. पण दादा माझ्याआधी बोलला.

"जेवन झकास, साहेब. फक्त येक चिठ्ठीवर लिहून द्या."

"काय?"

"सैपाक रुख्मिणीच्या हातचा. लोकेंद्रच्या हातचा पूर्ण बंद."

डॉक्टरांनी हसत हसत लिहूनही दिलं! रुख्मिणीनं ती चिठ्ठी सैपाकघराच्या दारावर, बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी चिकटवली आहे. खाली डॉक्टरांचा शिक्काही आहे, त्यामुळे वाद घालायची सोय उरलेली नाही!