साहेबांसमोर न जाणारी वीज

२०२३ साली म्हसवडच्या पुढच्या एका वाडीतल्या आरोग्य उपकेंद्रात वीज जाण्याची रीतसर वाट पाहण्यात आली.

तिथल्या सिस्टर लक्ष्मीबाई. त्यांच्या लहानपणी वाडीत कंदील होते. विझण्याआधी कंदिलाची काच काळी पडे, म्हणजे तो कल्पना तरी देई. वीज तेवढी रीतीभातीची नव्हती. ती गेली की फ्रीजमधल्या बाळांच्या लसी बर्फाच्या डब्यात घालून लक्ष्मीबाई स्कूटरवरून म्हसवडच्या दवाखान्यातला फ्रीज गाठत. उन्हाळ्यात एक डबा वाटेतच तापला आणि बाळं घेऊन आलेल्या आया तशाच परतल्या.

म्हणून मिरजेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणाऱ्या पायलने खास सर्किट बोर्ड बनवला. वीज गेली की फ्रीज आपोआप बॅटरीवर. पहिल्या दिवशी त्यातला रिले, म्हणजे विजेवरून बॅटरीवर नेणारा खटका, नुसताच टकटकत राहिला. पायलने मीटर लावून पाहिलं.

"मावशी, तुमची लाईट धड जात न्हाई, नुसती खाली-वर होती. बोर्डाला कळंना, राहावं का जावं."

तिने बोर्डाला पाच सेकंद थांबून ठरवायला शिकवलं. मग तो एकदाही चुकला नाही.

उरली सरकारी चाचणी. ती झाल्याशिवाय बोर्ड कायम होणार नव्हता. तपासणी अधिकारी हंबीरराव आले.

"आवं साहेब, मेन स्विच बंद करते की," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"बाई, ते वीज जाणं नव्हे, घालवणं. त्याचा तक्ता वेगळा."

साहेब बसले. पण गावाची अब्रू राखा, असा फोन सरपंच नानासोंनी वीज कार्यालयात आधीच केला होता. दिवसभर वीज हलली नाही. साहेबांची गाडी वेशीबाहेर पडली आणि पंखा थांबला. फ्रीज बॅटरीवर गेला, पण ते पाहायला अधिकृत कोणी नव्हतं.

असं चारदा झालं.

"नानासो, एकदा फोन नका करू. लेकरांच्या लसी हायत."

"आवं सिस्टर, खुळ्या हायसा का? साहेब हाय तवर लाईट हाय, हिरीवरची मोटर चालतीया. लांबू द्या की चाचणी!"

गावाने तसा ठरावच केला आणि साहेबांना मुक्कामाला खोली दिली. साहेब सात महिने राहिले. अहवाल आला: येथे वीज जात नाही, सबब बोर्डाची गरज नाही.

बोर्ड कपाटात सीलबंद आहे. हंबीररावांना बढती मिळाली. नानासो बिनविरोध निवडून आले. पायल सांगलीत मंडळांच्या रोषणाईचे बोर्ड बनवते; त्यांना चाचणी लागत नाही. लक्ष्मीबाई निवृत्त झाल्या, त्या दिवशीही डबा घेऊन म्हसवडला गेल्या होत्या.

ठरावावर लक्ष्मीबाईंचीही सही आहे. सात महिने लसी गार राहिल्या, दुपारी डोक्यावर पंखा फिरला. त्यांना हसण्याआधी सांगा, तुम्ही सही न करता पेन परत केलं असतं?