विमलआक्काची तिळाची बिस्किटं

विमलआक्काच्या घरी बिस्किट मिळायचं आणि चहाही मिळायचा, पण दोन्ही एकदम कधी मिळायचं नाही. आधी बिस्किट. ते संपेपर्यंत आक्का समोर उभी. तोंड रिकामं झालं याची खात्री पटली की मग कप हातात. कुणी दडवून ठेवलेलं बिस्किट कपाकडे नेलंच, तर कपावर तिचा पंजा पडायचा. "बुडवायचं न्हाई! ग्लुकोज हाय का त्ये? तीळ हाय त्यात, तीळ! तवंग येतो!"

आता मला सांगा, आमच्या वारूळवाडीत बिस्किट न बुडवता खाणारा माणूस आणायचा कुठून? आमच्याकडे बिस्किट करतातच मुळी बुडवायला. आमचे हे पहिल्यांदा तिच्याकडे गेले, तेव्हा तिची पाठ वळल्याबरोबर त्यांनी आपलं बुडवलं. बिस्किट गेलं तळाला, वर तेलाचे डोळे तरंगायला लागले, आणि हे चोरासारखे चमच्यानं तळ ढवळत बसले. आक्कानं बघितलं. पुढं कितीतरी दिवस ती यांच्याशी माझ्यामार्फत बोलायची. "शोभे, तुझ्या मालकाला सांग, त्यांची सायकल माझ्या दारातनं काढा म्हणावं." आणि मालक तिथंच, हाताच्या अंतरावर बसलेले!

शोभा म्हणजे मी. आमची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून आक्काचं घर. तिचा नवरा तापाचं निमित्त होऊन गेला तेव्हा पोरगी अजून नीट चालतही नव्हती. सासरचं कोणी विचारीना. ओळखीतल्या एका बाईनं मस्कतला एका मोठ्या घरात कामाचं जमवून दिलं. पोरीला राजुरीला धाकट्या बहिणीपाशी, निर्मलाकडं ठेवलं, आणि दोन वर्षांत येते म्हणून आक्का विमानात बसली. दोनाची चार झाली, चाराची किती झाली ते तिलाच ठाऊक. मधून पाहुण्यासारखी यायची आणि जायची. कायमची परतली ती नव्वद साल उलटून गेल्यावर, पोरगी सहावीत होती तेव्हा.

येताना तिनं एक विजेचा ओव्हन आणला, दूध पावडरीचे मोकळे डबे आणले, आणि जिभेवर थोडी अरबी आणली. शेळीला "यल्ला!" म्हणायची, आणि शेळी जायची. गल्लीतली पोरं गोट्या खेळताना "खलास!" ओरडायला लागली. एस्टीच्या कंडक्टरला ती "मुदीर" म्हणायची. एकदा तो भडकलाच, त्याला वाटलं बाई शिवी देतेय. "आरं मुदीर म्हंजे सायब! सायब म्हणलेलं बी तुला सोसंना व्हय?" त्यानंतर त्यानं तिला कायम खिडकीची जागा दिली.

पण तिचा खरा जीव तिळात. नारायणगावच्या बाजारात ती आली की वाणी गोणीमागं दडायचा. मूठभर तीळ घ्यायची, तळहातावर चोळायची, हुंगायची, एक दाणा पुढच्या दातांनी फोडायची आणि बाकीचे परत गोणीत टाकून म्हणायची, "जुना हाय." घरी आणून धुवायची, वाळवायची, मंद आचेवर भाजायची. जरा लाल झाला की सगळा घाणा शेळीला. मग तो वाटून वाटून असा करायचा की चमच्यावरून धार पडली पाहिजे. त्याला ती तहिना म्हणायची. आता टीव्हीवर ताहिनी म्हणून काहीतरी दाखवतात, ते आम्ही तेव्हाच बघून बसलोय. त्या तहिन्यात लोणी, पिठीसाखर, मैदा. गोळे करायचे, तिळात घोळवायचे, बोटानं दाबायचे आणि ओव्हनमध्ये सरकवायचे.

पहिल्यांदा ती तीळ घेऊन थेट गिरणीत आली होती. "दळून दे." यांनी हात जोडले. तीळ टाकला की जात्याला तेल धरतं, मग पुढचं पीठ चिकटून बसतं. "आक्का, गिरणी बसंल माझी!" ती म्हणाली, "मस्कतला असलं चालत न्हाई." हे म्हणाले, "मग मस्कतला न्या!" झालं. पुन्हा माझ्यामार्फत बोलणं सुरू.

त्यात तो ओव्हन. ओव्हन लावला की आमच्या गिरणीची मोटर रडायला लागायची, आणि गिरणी चालू केली की तिचा ओव्हन गार पडायचा. बाया डबे घेऊन ओळीनं उभ्या आणि आक्का दारात कमरेवर हात ठेवून. "शोभे, बंद कर मशीन! बिस्किटं बसली माझी!" शेवटी मीच तह केला. रविवारी सकाळी गिरणी बंद, बिस्किटं चालू.

रविवारच का, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. रविवारी सुजाताला, म्हणजे तिच्या पोरीला, शाळा नसायची. बिस्किटं डब्यात भरून आक्का आळेफाट्याला गाडी बदलून राजुरीला जायची. पोरगी निर्मलाकडंच राहिली होती. तिथंच शाळा, तिथंच मैत्रिणी, आणि तिथंच आई. होय, ती निर्मलाला आई म्हणायची. बोलायला लागली तेव्हा समोर जी होती तिला म्हणाली, त्यात लेकराचं काय चुकलं? आक्काला ती मावशी म्हणायची. आक्काची एकच इच्छा होती. पोरीनं एकदा तरी हक्कानं येऊन आपल्यापाशी राहावं. मागून घ्या की, असं मी कितीदा म्हटलं. "मागायला तोंड पायजे गं," एवढंच म्हणायची आणि तीळ निवडायला घ्यायची.

एकदा मी सोबत गेले. निर्मला भाकऱ्या थापत होती. सुजाता तिच्या पाठीवर रेलून म्हणत होती, "आई, तू काल म्हणलीस ना नेते म्हणून? खोटारडी!" आम्हाला बघताच उठली, पदर नसतानाही पदर सावरल्यासारखी नीट उभी राहिली. "या मावशी. बसा. पाणी आणते." शहाणी पोर, लई शहाणी. डबा उघडला. तिनं एक बिस्किट घेतलं, औषधासारखं पूर्ण संपवलं, आणि म्हणाली, "छान झालीत." हात मागं बांधून उभी राहिली. आक्का तिच्या तोंडाकडं बघत होती, मला बघवेना.

परतताना गाडीत आक्का खुशीत. "आज आख्खं खाल्लं तिनं. मागच्या वक्ताला आर्धंच खाल्लं व्हतं." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अहो आक्का, नाही आवडत तिला ते! कशाला जिवाचा आटापिटा करता? दुसरं काहीतरी न्या की!"

तिनं मांडीवरचा डबा पिशवीत घातला. मग म्हणाली, "फहदला लई आवडायचं."

मस्कतच्या घरातला तो पोरगा. त्याच्या जन्माआधी काही दिवस ती तिथं लागली होती. त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं, सगळं हिच्याकडं. तिथल्या म्हाताऱ्या स्वयंपाकिणीनं बिस्किटं शिकवली, कारण त्याला दात येत होते आणि ती बिस्किटं तोंडात विरघळायची. हिच्याशिवाय तो झोपत नसे. "मला मामा विमल म्हणायचा," ती म्हणाली. मामा म्हणजे तिकडं आई. कायमची निघाली तेव्हा रडारड नको म्हणून घरच्यांनी त्याला शाळेत धाडून दिलं होतं. "दुपारी आला आसंल, आन् मला घरभर हुडकलं आसंल."

वर्षं गेली. सुजाता शिकली, लग्न ठरलं. बौद्ध पद्धतीचं लग्न, मंडपात आईबापांनी पुढं यायचं होतं. निर्मलानं आक्काचा हात धरून ओढलं, "आक्का, तू हो पुढं, तुझी पोर हाय." आक्का तिच्यावरच डाफरली, "आत्ता? समदं झाल्यावर? यल्ला, तू जा!" आणि स्वतः मागं पंगतीच्या बाजूला जाऊन पोराटोरांना बिस्किटं वाटत बसली. त्या बिस्किटांसाठी आमची गिरणी सलग दोन दिवस बंद होती आणि यांनी एक शब्द काढला नाही. आपण होऊन विचारलं, "आक्का, आजून येळ पायजे का?"

मग पहिलं बाळंतपण. ते माहेरी करायची रीत. आक्कानं घराला चुना दिला, बाज विणून घेतली, खिडकीला पडदा शिवला. कुणी विचारलं तर म्हणायची, "आसंच. भिंती काळ्या झाल्यात." सुजाता राजुरीला गेली. जाणारच की. तिचं माहेर तेच होतं. आक्कानं बाजेवर गोधड्यांचा ढीग रचून ठेवला, जणू त्याचसाठी विणली होती. माझं मन लई खट्टू झालं.

पण निर्मलाचे गुडघे धरले होते. बाळाला न्हाऊ घालायला खाली बसवेना. तिनं निरोप धाडला आणि आक्का डबा घेऊन पळाली. थोड्या दिवसांनी झबलं-टोपडं घेऊन मी भेटायला गेले. आक्का पाय पसरून बसली होती, पायांवर उपडी नात, आणि तिचे हात असे चालत होते की बघत राहावं. सुजाता बाजेवर बसून बिस्किट खात होती. दूध चांगलं येतं म्हणून आक्काचा हुकूमच होता. पण घर कसं सैल झालं होतं. सुजाता हसत होती, मावशीला चिडवत होती. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, जमलं.

"मावशी, मी एवढी असताना कशी होते हो? रडकी?"

"लई! समदी आळी उठवायचीस."

"आणि दात कधी आले?"

"लवकर. बोट चावलं व्हतंस माझं."

"आणि नीट जेवायला लागले तेव्हा? मला काय आवडायचं?"

आक्काचे हात थांबले. बाळाच्या पाठीवर तसेच राहिले.

आतून चुलीपाशी बसलेल्या निर्मलानं सवयीनं आवाज दिला, "हिला? गुळाच्या पाण्यात कुस्करल्याली भाकर! दुसरं कायबी तोंडात घ्यायची न्हाई. वाटी घिऊन माझ्या मागं—" आणि मध्येच चुलीत लाकूड सारायला लागली. सुजातानं मान खाली घातली. बाळ कुरकुरायला लागलं तेव्हा कुठं आक्काचे हात पुन्हा हलले.

मला सोडायला आक्का स्टँडपर्यंत आली. जीप भरायची होती. मला राहवेना. मी म्हटलं, "आक्का, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही गेलात ते तिच्यासाठीच ना?"

"त्ये न्हाई गं," ती म्हणाली. "मी त्या बाईचा इचार करतीय."

"कोणत्या?"

"फहदच्या आईचा. त्यो आता बाप्या झाला आसंल. उद्या त्यानं इचारलं, आई, मी ल्हानपनी काय खायचो, तर ती काय सांगंल? तिला ठावं न्हाई. बिस्किट कोंबट लागायचं त्याला. कडंचा तीळ आधी जिभंनं वेचायचा, मंग बिस्किट. ह्ये तिनं कधी बघितलंच न्हाई. मला निर्मला तरी हाय सांगायला. तिला कोन हाय?"

जीपवाल्यानं हाक मारली. मी चढले. जीप हलायच्या आत आक्का बाळाकडं माघारी वळली होती.