तिरके पाते राखिले त्याची हकीकत

समस्त सरळ रेषांचे राखणदार व वाकड्या वाटेचे वाटसरू यांसी लेखकाची विज्ञापना ऐसी जे, तिरक्या पात्याचा रणसंग्राम कैसा जाहला आणि यश कोणाचे पदरी पडले, हे पुसाल तर सविस्तर लिहितो. तिखटमीठ लाविलेच असेल तर चिमूटभर.

दवाखान्यास हवा पुरविणारे यंत्र करावे ऐसी एका कारखान्याची मसलत ठरली. तेथे वाऱ्याचे गणित मांडणाऱ्या एक बाई होत्या, त्यांस जाळेवाल्या बाई म्हणत. कारण संगणकात हवेच्या वाटेवर चौकोनी घरांचे जाळे पसरावे, आणि घराने शेजारच्या घरास वाऱ्याची खबर द्यावी, मग सर्व खबरा मिळोन वारा कैसा वाहील ते कळावे, ऐसा त्यांचा हुन्नर. बाईंनी यंत्राचे तोंडी पाते तिरके बसविले, हेतू हा की गार झोत निजल्या रोग्याचे तोंडावर न यावा. परंतु जाळ्याच्या रांगा सरळ आणि पाते तिरके, मग कोपऱ्यातील घरे चेपून पाचरीऐसी जाहली आणि खोट्या खबरा देऊ लागली की, येथे वारा तोफेच्या गोळ्याहून वेगे धावतो! शेजाऱ्यांनी त्या खऱ्या मानिल्या आणि गणित कोसळले. बाईंनी कोपऱ्यात आणखी घरांची कुमक धाडली, तो तीही चेपली. मग कारखान्याचे साहेबांची मर्जी खप्पा होऊन फर्मान सुटले की, उद्या जेवणाचे सुट्टीपावेतो गणित न ठरल्यास पाते सरळ करावे. म्हणजे रोग्यास अहोरात्र गार थप्पड! बाईंचा जीव तीळतीळ तुटला.

दुसरे दिवशी सकाळी बाईंची स्वारी कामावर निघाली, तो लिफ्टमध्ये सासूबाईंची मोहीम आडवी आली. पडद्याचा नवा दांडा खिडकीहून लांब निघाला, तो दुकानी नेऊन कापून आणावा ऐसा त्यांचा मनसुबा. दांडा उभा मावेना, आडवा मावेना, म्हणोन तिरका घातला. मग मजल्यामजल्यावर वकील चढले, दातांचे डॉक्टर चढले, आणिक बहुत मंडळी चढली, आणि सर्व दाराकडे तोंड करोन ताठ उभे. कोणी आपली रेघ सोडीना. दांड्याखालील कोनात एकट्या बाई सापडल्या. डबा बरगडीत, पर्स हनुवटीखाली, ऐसा वेढा पडला. ते पाहोन सासूबाई गरजल्या, "अहो, तिला एकटीलाच काय चेपताय? सगळेच जरा जरा तिरके व्हा की! दांड्याकडे तोंड करा!"

मग वकील अंमळ वळले, त्यांजमुळे डॉक्टर अंमळ वळले, त्यांजमुळे मागील मंडळी वळली, आणि कोणासही फार तोशीस न लागता बाईंस श्वास घेण्यापुरती जागा मिळाली. त्या श्वासानिशी बाई किंचाळल्या, "आई, हेच! हेच ते!"

"काय हेच? पाय दिला का कुणी?"

लिफ्ट तळास पोचताच बाई दांड्याचा मुका घेऊन धावत सुटल्या. सासूबाई वकिलांस म्हणाल्या, "कामाचा ताण आहे हो, बाकी काही नाही."

कारखान्यात येताच बाईंनी जाळ्यास हुकूम केला की, लांबूनच प्रत्येक रांगेने अंमळ कलावे, आणि पात्याभोवती घरांचे कडे करोन त्याजकडे तोंड करोन उभे राहावे. कोपऱ्यातील घराने एकट्याने चेपून घेऊ नये. मग घरे चौकोनासारखी चौकोन दिसू लागली, खबरा खऱ्या येऊ लागल्या, आणि सुट्टीची घंटा वाजावयाचे आत गणित ठरले. वारा रोग्याचे उशाशी जाऊन मांजराचे पावलांनी परतला. साहेबांनी चष्मा पुसोन आकडे पुनः पाहिले आणि फर्मान फिरविले की, पाते तिरकेच असावे. बाई खुर्चीसकट गरगर फिरल्या.

सायंकाळी घरी येतात तो पडदा लागला होता, आणि दांडा एके अंगास चार बोटे खाली.

"तिरका लागलाय गं. उद्या सरळ करून घेऊ," सासूबाई म्हणाल्या.

त्यावर बाईंनी ताकीद केली की, या घरी तिरक्यास कोणी हात लावू नये.

येणेप्रमाणे दवाखान्याचे पाते आणि घरचा दांडा, दोन्ही तिरके, दोन्ही कायम, हे समस्तांस विदित व्हावे. पडदा रोज घसरोन खालच्या कोपऱ्यात चेपतो, आणि तो सारखा करण्याचे काम ताकीद देणारीकडेच लागले आहे.