गोळी गरम पडते म्हणून

औषधाच्या डबीत मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचे कागद घालायला परवानगी देणाऱ्या साहेबांनो, न्हावीकाकांच्या घरात जे झालं त्याला तुम्ही जबाबदार आहात. काकूंना बोल लावाल तर याद राखा.

काकांचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली. मेंदूत जाऊन हात थांबवणारी, दिवसातून तीनदा. "कागद वाचा, त्यात सगळं आहे," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. काकूंनी कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि घडी घालून कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवला. मेंदूत जाणारी गोळी गरम पडणारच, हे कळायला कागद कशाला? प्रत्येक गोळीबरोबर पेलाभर दूध सुरू झालं. पेला रिकामा होईपर्यंत काकू समोरून हलायच्या नाहीत.

हात काही थांबेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. काकूंनी दूध वाढवलं, वर दोन उकडलेली अंडी. काकांचे गाल गुबगुबीत झाले, हात होता तसाच. एका मास्तरांच्या मिशीची डावी बाजू जरा जास्त उडाली, म्हणून उजवी तेवढी केली. उजवी जास्त गेली, म्हणून पुन्हा डावी. शेवटी मिशीच संपली. मास्तर आरशात बघून म्हणाले, "असू दे. सारखी तरी झाली."

ते गेल्यावर काका कात्री पुसत बसले. "अगं, एवढा महिना बघतो. नाही थांबला हात, तर खुर्ची विकून टाकू. चाळीस वर्षं लोकांनी मान माझ्या हातात दिली. आता भितात, फक्त बोलत नाहीत."

काकूंनी तिसरं अंडं सोलायला घेतलं.

महिना संपायला दोन दिवस असताना डॉक्टर स्वतःच दाढीला आले. काकांनी ब्रश फिरवला. हात थरथरत असल्यामुळे फेस मात्र असा व्हायचा, की बघत राहावं. गालांवर, मानेवर, कानात, थोडा चष्म्यावरही. मग काकांनी वस्तरा उचलला. डॉक्टर ताठ झाले.

"काका, दुपारची गोळी घेतलीत ना?"

"आणलीये, आणलीये!" काकू आतून आल्या, एका हातात गोळी, दुसऱ्यात पेला. "आधी दूध, मग दाढी."

"दूध? या गोळीबरोबर?"

"मग काय नुसतं पाणी ओतू? माणूस आहे हो तो, मोरी नाही."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, फेस उडाला. "काकू, दूध-अंड्यातलं सत्त्व आणि ही गोळी, दोघांना मेंदूत जायचं दार एकच. दूध आधी घुसतं, गोळी बाहेर ताटकळते. जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर घ्यायची असते. कागदात लिहिलंय!"

काकू बाकावर बसल्या. "म्हणजे चार महिने... मीच?"

"अगं, दूध चांगलं होतं," काका घाईनं म्हणाले. वस्तरा ठेवून त्यांनी काकूंच्या हातातला पेला घेतला. निम्मं दूध हिंदकळून फरशीवर गेलं.

काकू त्या हाताकडे बघत राहिल्या. तेवढ्यात डॉक्टर हळूच उठायला लागले. काकूंनी उठून त्यांना खांद्याला धरलं आणि परत खुर्चीत बसवलं.

"दूध बंद केलं, तर यांचा हात थांबेल?"

"त्याचं कसं आहे काकू, प्रत्येक पेशंटचं..."

"प्रत्येकाचं नको. यांचं सांगा. थांबेल का? हो की नाही?"