पऱ्हाटीला अंतर द्यावे

देवपुजारी साहेब कुठंही बसायच्या आधी हात मोजत. म्हणजे बाकावर कोपर टेकवायचं, बोटं लांब करायची, बोटांची टोकं पोचतील तिथं मनातल्या मनात रेघ मारायची आणि रेघेच्या पलीकडे बसायचं. आमच्या ऑफिसात बाक एकच आणि तोही आखूड. मी आधी बसलेलो असलो की माझ्यापासून एक हात सोडल्यावर साहेबांच्या वाट्याला वीतभर लाकूड उरे. अर्धं अंग बाकावर, अर्धं हवेत, अशा थाटात ते चहा पीत. मी सरकायला लागलो की म्हणत, "राहू द्या, सचिव. वाद नको, अंतर ठेवा."

आता आमच्यात वाद कसला? चहा मीच पाजत होतो.

मी सचिव म्हणजे मंत्रालयातला नव्हे. घाटंजीकडच्या एका तलावावर आमची मच्छीमारांची सोसायटी आहे, तिचा. साहेब मासळीच्या खात्यात होते आणि दर गुरुवारी यवतमाळहून एस.टी.नं येत. लग्न केलेलं नव्हतं. तिथंही अंतरच ठेवलं असणार, असं आमच्या गणपतभाऊचं मत. मासे तर ते खात नसतच. चातुर्मासात कांदासुद्धा नाही. वजनकाट्यावर मासा चढला की साहेब चष्मा काढून पुसायला घेत आणि मासा उतरेपर्यंत काचा काही स्वच्छ होत नसत. एकदा मी विचारलं, "साहेब, या खात्यात तुमचं मन कसं रमते?" तर म्हणाले, "मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून पाहतो. भाडेकरूला कोणी खातं का?"

भाडेकरू म्हणायचं कारण होतं. आमच्या तलावाचा तळ परातीसारखा सपाट. ना खडक, ना झाडोरा. माशाला आडोसा नसला तर तो टिकत नाही, अंडीपिल्लीही धड होत नाहीत. अशा ठिकाणी पाण्यात सिमेंटचे पाइप टाकून माशांना घरं करून द्यायची, असं साहेबांच्या खात्याचं म्हणणं. पाइप मंजूर झाले होते. तीन वर्षं ते नुसते मंजूरच होते. शेवटी साहेब म्हणाले, "पाइप राहू द्या. पऱ्हाटी टाकू."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, कापसाच्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. शेतात हिरवी उभी असते तेव्हाही पऱ्हाटी, आणि कापूस वेचून झाल्यावर उपटून वाळवली, चुलीत घातली, तरी पऱ्हाटीच. हे लक्षात ठेवा, पुढं यावरूनच रामायण झालं.

तर वाळल्या पऱ्हाटीचे भारे बांधायचे, खाली दगड बांधून बुडवायचे. वर खुणेला तेलाचा रिकामा डबा तरंगत ठेवायचा, डब्यावर लाल रंगात नंबर. साहेब त्याला 'बिऱ्हाड' म्हणत. "तीन नंबरच्या बिऱ्हाडात मरळ उतरली आहे," हे ते असं सांगत की वाटावं, सामानाचा टेंपो यांनी स्वतः पाहिला.

मासे जमले आणि माणसंही जमली. गणपतभाऊ आणि त्याची मंडळी जाळेवाली. पलीकडच्या तांड्यावरची माणसं गळवाली. कापसानं हात आखडता घेतल्यावर त्यांनी गळ धरलेला. त्यांची म्होरकी एक म्हातारी होती. तिला अख्खा तांडा याडी म्हणे, म्हणजे आई. ट्रकच्या चाकातली ट्यूब फुगवून तिच्यावर बसायची आणि पहाटेपासून बिऱ्हाडाच्या बरोबर डोक्यावर गळ सोडायची. गणपतभाऊ त्याच बिऱ्हाडाला जाळ्याचा वेढा घालायचा. मग जाळं पऱ्हाटीत अडके, गळ जाळ्यात अडके, आणि मासे आरामात निघून जात.

"ह्या बुढीनं माह्या जाळ्याची चाळणी करून टाकली," गणपतभाऊ ओरडे.

"तू माह्या गळावर जाळं टाकाले आलाच काहून? तलाव काय तुह्या बापानं खंदला?" याडी ट्यूबवरून विचारी.

एकदा गणपतभाऊनं वल्हं उगारलं. याडीनं त्याच्या जाळ्याचा दोर कापला. तक्रार वर गेली आणि वरून कागद आला: यापुढं एकही तक्रार आली तर सगळे भारे बाहेर काढून टाकावेत. साहेबांनी तो कागद तीनदा वाचला. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

पुढच्या गुरुवारी ते एक दोर घेऊन आले. दोराला चाळीस गाठी, दोन गाठींमध्ये एक हात. हात साहेबांचा स्वतःचा, दुसऱ्याचा चालत नसे. बिऱ्हाडापासून चाळीस हातांच्या आत जाळं नाही. गळवाल्यांनी सकाळी आठपर्यंतच बसायचं आणि माणशी दोनच गळ. जाळ्यात सापडलेला गळ फेकायचा नाही, साहेबांकडे जमा करायचा. बिस्किटाच्या डब्यात ते एकेक गळ कागदाच्या पुडीत बांधून ठेवत, पुडीवर बिऱ्हाडाचा नंबर. याडी येऊन आपले ओळखून नेई, आणि जाताना एखादा दुसऱ्याचाही.

गणपतभाऊ कुरकुरला. "साहेब, मासा काय चाळीस हात मोजून बाहेर येते?"

"बाहेर येतो ना? तेव्हा धरा. कोणाच्या घरात शिरून त्याला धरू नये."

माणूस तसा बरा होता. पण एक हट्ट मला कळत नसे. पाण्यात पऱ्हाटी वर्षा-दोन वर्षांत कुजते, दर उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी टाकावी लागते. तलावाच्या काठाला हवी तेवढी पऱ्हाटी पडलेली, घेऊन जा म्हणून लोक मागं लागलेले. पण साहेबांना चाले ती एकाच शेतातली, घाटंजीच्या पार पलीकडची. तिथून किसन नावाचा गाडीवान बैलगाडीनं अर्धा दिवस चालून भारे आणी.

"त्या पऱ्हाटीले काय सोनं लागलं हाये, साहेब?"

"टणक असते."

मी मोडून पाहिली होती. आमच्या पऱ्हाटीसारखीच कटकन मोडत होती. शिवाय त्या भाऱ्यांचे दोर कापू देत नसत. स्वतः उकिडवे बसून गाठी सोडवत, दोराची नीट वेटोळी करत आणि किसनच्या हाती परत पाठवत. एक शब्द निरोप नाही, चिठ्ठी नाही. नुसते दोर.

त्या साली साहेबांच्या डोक्यात बोर्डाचं आलं. नियम तोंडी नको, लेखी पाहिजे. कागदावर मजकूर लिहून त्यांनी आमच्या बाबा पेंटरला दिला: 'जाळेवाल्यांनी पऱ्हाटीला चाळीस हात अंतर द्यावे. हुकुमावरून, देवपुजारी.' बाबा पेंटरचा हात ट्रकच्या पाठीवर बसलेला. त्यानं आधी 'हुकुमावरून' काढलं, दोन रंगांत, सावलीसकट. मग साहेबांचं नाव काढलं, त्याखाली वेलबुट्टी. मग वर जागा उरली तेवढ्यात उरलेला मजकूर बसवला आणि बुधवारी बोर्ड तलावाच्या रस्त्यावर ठोकून दिला.

पऱ्हाटीला अंतर द्यावे. हुकुमावरून, देवपुजारी.

"जाळेवाले कुठं गेले?" मी विचारलं.

"ज्याइचं हाये त्याइले समजते."

"आन चाळीस हात?"

"बसत नोयते," तो म्हणाला.

ती वर्षं कशी होती हे आमच्याकडं कोणाला सांगावं लागत नाही. कापसाचं काहीच धड नव्हतं. दर आठवड्याला जीपमधून कोणी तरी उतरे आणि पऱ्हाटी सोडा, हे लावा, ते लावा, असं सांगून धूळ उडवत जाई. आणि आता रस्त्यावर सरकारी बोर्ड: पऱ्हाटीला अंतर द्यावे. गुरुवारी साहेब एस.टी.तून उतरले तेव्हा दोन गावांची पन्नासेक माणसं बोर्डाखाली उभी होती.

"देवपुजारी कोन हाये?"

"मी."

"पऱ्हाटीले अंतर द्याचं, त पेराचं काय आमी? तुमचे मासे?"

एक म्हातारा शेतकरी पुढं आला. तो ओरडला नाही. "साहेब, तीन सालं झाले, तिनं आमाले काई देलं नाई. तरी आमी तिले अंतर नाई देलं. तुमी हुकूम कायले काढता?"

गर्दी अगदी अंगावर आली होती आणि पहिल्यांदाच मी पाहिलं की साहेबांनी हात मोजला नाही. ते म्हणाले, "अहो, अंतर ठेवा असं म्हणायचं होतं मला. अंतर द्या असं नाही. मी कोणाला अंतर द्या म्हणणार नाही हो. मी नाही म्हणणार."

कोणी तरी म्हणालं, याची तक्रार वर करू. म्हणजे संपलंच. तेवढ्यात गणपतभाऊ दोर घेऊन मध्ये आला आणि त्याच्या मागून याडी. दोघं एका बाजूला उभे असलेले मी तेव्हाच पाहिले. गणपतभाऊनं चाळीस गाठी मोजून दाखवल्या, याडीनं ट्यूबवर बसून बिऱ्हाड कुठं आणि जाळं कुठं ते दाखवलं. लोक हसायला लागले. म्हातारा म्हणाला, "मंग पेंटरले अंतर द्या," आणि मंडळी पांगली.

तक्रार टळली. पण पऱ्हाटीची गाडी आली नाही. एक गुरुवार गेला, दुसरा गेला. साहेब तलावाच्या पाळीवर उभे राहून रस्त्याकडं पाहत. जुने भारे कुजून बसले होते. महिनाभरात नवे पडले नाहीत तर बिऱ्हाडं मोडणार, आणि मोडली की पुन्हा उभी करायला आता वरून कोणी परवानगी देणार नव्हतं. मी म्हटलं, इथली पऱ्हाटी टाकू. साहेब नुसतं "नको" म्हणाले.

घाटंजीच्या बाजारात मला किसन भेटला. "गाडी काहून नाई आनली?"

"आनलती ना. त्याच गुरवारी, सकाळी, तुमचे साहेब याच्या आंधी. रस्त्यावर बोर्ड पाह्यला, एकाकडून वाचून घेतला. खाली साहेबाचंच नाव. मंग भाऊले इचारल्याबिगर कायले उतरवू म्हटलं, तशीच गाडी वापस नेली. भाऊनं आयकलं. म्हने, आता नको नेऊ."

"कोन भाऊ?"

"मधुभाऊ. देवपुजारी. तुमच्या साहेबाचा सख्खा भाऊ नाई का तो?"

मला कसं माहीत असणार? मी साहेबांना जाऊन सांगितलं. ते बाकावर बसले, माझ्या अगदी शेजारी, मोजायचं विसरून. मग बोलले. धाकटा मधू ऑफिसातली नोकरी सोडून वडिलांच्या शेतावर गेला, तेही ज्या वर्षांत सगळे शेतातून बाहेर पडत होते. साहेब तेव्हा त्याला म्हणाले होते, पऱ्हाटी धरणार असशील तर माझ्या घराची पायरी चढू नकोस. तो चढला नाही. आठ वर्षं. मग हे बिऱ्हाडांचं सुचलं तेव्हा साहेबांनी चिठ्ठी पाठवली, दोन ओळींची, की पऱ्हाटीचे भारे हवे आहेत. उत्तर आलं नाही. गाडी आली.

"ते दोर आमच्या आईच्या विहिरीवरचे आहेत, सचिव," साहेब म्हणाले. "तो दर वर्षी त्याच दोरांनी बांधतो. मी परत पाठवतो. एवढंच चालू होतं आमचं. आता त्याला वाटलं असेल, दादानं तेही तोडलं. आणि बोर्ड लावून तोडलं."

मी मोटरसायकल काढली. साहेब मागं बसले, माझ्या त्यांच्या मध्ये त्यांची बॅग, सवयीप्रमाणं.

मधुभाऊ शेतातच होता. तेच नाक, तसाच चष्मा. लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यानं उरलेली पऱ्हाटी उपटत होता. साहेब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येऊन थांबले. एवढ्या दिवसांत माझ्याही डोळ्याला मोजायची सवय झाली होती. मध्ये चाळीसेक हात होते.

मधुभाऊनं वर पाहिलं नाही. "बोर्डाचं समजलं, दादा."

"पेंटरनं चाळीस हात खाल्ले रे, मधू."

मधुभाऊचा चिमटा थांबला. साहेबांनी सगळं सांगितलं: जाळी, गळ, दोराच्या गाठी, ट्रकवाला पेंटर. भावाशी तोंडानं बोलायची सवय राहिली नव्हती, म्हणून सरकारी अहवाल वाचल्यासारखं सांगितलं.

"चाळीस हात असते त चाललं असतं," मधुभाऊ म्हणाला. "तेवढे त आपल्यात होतेच."

साहेब धुरा उतरले आणि पऱ्हाटीतून चालत निघाले. वाळल्या बोंडांत पँट अडकत होती, फाटतही होती; ते थांबले नाहीत. पुढं दोघं काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. बांधून ठेवलेल्या एका भाऱ्यावर ते बसलेले दिसले, आणि भारा काही हातभर रुंद नसतो. मी चष्मा वापरत नाही, नाही तर तिथं उभा राहून पुसत बसलो असतो.

दुपारी किसननं गाडी भरली. मधुभाऊ दोर आवळत होता आणि साहेब गाठ बरोबर बसत नाही म्हणून त्याच्या चुका काढत होते. निघताना साहेबांनी बॅग गाडीत टाकली आणि माझ्या मागं बसले. मध्ये काहीच नव्हतं. त्यांच्या खिशातला पेन तलाव येईपर्यंत माझ्या पाठीला टोचत राहिला. मी काही सरकलो नाही.