जिन्यावरची रिकामी खुर्ची

आर्वोच्या जिन्यावर चढणाऱ्या खुर्चीला पेटंट द्यायला परीक्षक प्रुइट यांनी पुन्हा नकार दिला, तेव्हा अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या त्या हट्टी म्हाताऱ्यानं थेट अपील ठोकलं. जिवंत माणूस बसला तरच ही खुर्ची चढायची, सामान ठेवलं तर ढिम्म! प्रुइटसाहेब म्हणाले, वजनावर चालणाऱ्या खुर्च्या जुन्याच, यात नवं काय?

खुर्ची बनवली होती बायकोच्या गुडघ्यांसाठी. पण ऐली कसली ऐकते! "तुझ्या त्या सापळ्यात मी मेले तरी बसणार नाही," म्हणत ती एकेक पायरी खुरडत चढायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता आर्वोला एवढंच हवं होतं, की जगात एकानं तरी म्हणावं, खुर्ची चांगली आहे.

"चालवून दाखवा. पटलं तर अपिलाची गरजच नाही," प्रुइट व्हिडिओवर म्हणाले. "हजर कोण कोण?"

"मी वकील मेरेडिथ, आणि हे आर्वो. बस्स." लॅपटॉप धरून ती जिन्याखाली उभी होती. "काका, रिकामी हलली तर संपलं हं सगळं!" तिनं हळूच बजावलं.

बर्फावर टाकायच्या मिठाची गोणी ठेवली. खुर्ची हलली नाही. गोणी काढली.

"आता मी बसतो," म्हणत आर्वो पुढे झाला, पण तो बसायच्या आधीच मोटार घुरघुरली. रिकामी गादी मधोमध दबली. खुर्ची संथपणे वर गेली, थांबली आणि कुणी उतरल्यासारखी वरच्या मजल्याची फळी करकरली.

"काका, बटण दाबलंत?"

"हिला बटणच नाहीये गं."

"वा!" पडद्यावरून प्रुइट म्हणाले. "पण या बाईंचं नाव राहिलं की!"

मेरेडिथनं वर पाहिलं; तिथं कुणीच नव्हतं. 'कुणी नाही' म्हणावं तर पेटंट गेलं, खोटं नाव सांगावं तर वकिली गेली.

"ऐली," आर्वो म्हणाला. "माझी बायको."

"छान. नकार मागे घेतो. पण त्यांना सांगा, जरा हसा की! नाक मुरडून काय बसल्या होत्या!"

पडदा काळा झाला. आर्वो पायरीवर बसून घळाघळा रडायला लागला. "ऐली, अगं, खुर्ची एवढीही वाईट नाहीये ना?"

वर मोटार सुरू झाली. खुर्ची खाली येऊ लागली, गादी पुन्हा दबलेली.

मेरेडिथ आर्वोच्या पाठीमागे सरकली.

"काका, पेटंटच्या दाव्यातला 'जिवंत' हा शब्द काढून टाकू का?"